परक्या मैदानावर



प्रभू येशू बारा वर्षांचा झाला तेव्हा योसेफ आणि मरिया त्याला वल्हांडण सणासाठी यरुशलेमला घेऊन गेले, हा प्रसंग आपण संत लूककृत शुभवर्तमानात वाचतो (२:४१-५२). गावचा मुलगा, मोठे शहर, अफाट गर्दी. परतीच्या वाटेवर तो सोबत्यांमध्ये असेल असे समजून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले. नंतर शोधाशोध झाली आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. प्रत्येक आईवडिलांच्या काळजाला हात घालणारा असा हा प्रसंग आहे. गर्दीत मूल हरवणे किती सोपे असते!

पण गर्दीत फक्त मुलेच हरवतात का? आज मी तुम्हांला माझीच एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, पण पुढच्या महिन्यात आपली मुले आंतर-धर्मग्राम फुटबॉल स्पर्धेसाठी शेजारच्या मैदानांवर जाणार आहेत. त्याआधी ती सांगितलेली बरी.

एप्रिल २०२४ मध्ये, माझ्या वार्षिक सुट्टीत, मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा असे तिघे रेल्वेने मडगावला गेलो. माझा हा पुतण्या मुंबई सिटीचा वेडा चाहता. अंधेरीच्या मैदानावरचे सामने त्याने वडिलांबरोबर पाहिले होते. पण दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन सामना पाहण्याची त्याची ही पहिलीच वेळ. बुधवार, २४ एप्रिल. फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना. स्वारी निळी जर्सी घालूनच गाडीत चढली. कोकण रेल्वेचे बोगदे मोजता मोजता रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात तो चक्क झोपी गेला!

भावाने तिकिटे उशिरा काढली होती. मुंबईच्या पाठीराख्यांबरोबर जागा मिळाली नाही. आम्हांला बसायचे होते गोव्याच्या प्रेक्षकांत. जिकडे पाहावे तिकडे नारिंगी जर्सी, नारिंगी टोप्या, ढोल आणि ताशे. फाटकाजवळ पोहोचताच मी भावाला म्हटले, "अरे, ह्याच्या जर्सीवर दुसरा शर्ट घाल. उगाच कोणी काही बोलायला नको." भावाने पिशवीतून शर्ट काढला. पुतण्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "फादर काका, मग आपण एवढ्या लांब आलो कशाला?"

मी निरुत्तर झालो. धर्मगुरू होऊन मला इतकी वर्षे झाली. पेत्राने आवारातल्या शेकोटीजवळ प्रभूला तीनदा नाकारले, यावर मी कितीतरी प्रवचने दिली असतील. पेत्रालाही वाईट माणूस व्हायचे नव्हते. परक्या अंगणात त्याला फक्त सुखरूप राहायचे होते. आपणही तसेच करतो. ऑफिसात सगळे डबे उघडतात तेव्हा जेवणापूर्वी क्रूसाची खूण करायला हात उचलत नाही. कॉलेजात गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत जातो. कोणी आपल्याला मारणार नसते, तरीही आपण शर्ट घालतो. आणि आपली मुले ते पाहत असतात. आपण आपला रंग घरातल्या वेदीपुरता ठेवायचा, हे त्यांना आपल्याकडूनच कळते.

शर्ट पिशवीत परत गेला. निळी जर्सी घालूनच आम्ही आत शिरलो आणि नारिंगी समुद्रात जाऊन बसलो. काय झाले असेल? कोणी काहीही बोलले नाही. शेजारी एक वयस्कर गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन बसले होते. नातूही साधारण सात-आठ वर्षांचाच. त्यांनी जर्सीकडे पाहून हसत मान हलवली आणि सरकून जागा करून दिली.

सामना सुरू झाला. गोव्याने पहिल्या अर्धात एक गोल केला, मध्यंतरानंतर ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. सारे स्टेडियम उठून नाचत होते. आमचे पोर हिरमुसले. डोळ्यांत पाणी आले. तेव्हा त्या शेजारच्या गृहस्थांनी आपल्या नातवासाठी घेतलेल्या शेंगदाण्यांची पुडी त्याच्यापुढे केली आणि कोंकणीत म्हणाले, "रडूं नाका रे पुता." जिंकणाऱ्या बाजूच्या माणसाने, हरणाऱ्या बाजूच्या मुलाला! मी मनात म्हटले, आज प्रवचन करायची गरजच नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे.

ऐंशी मिनिटे झाली, पंच्याऐंशी झाली. भाऊ म्हणाला, "निघू या का? नंतर रिक्षा मिळणार नाही." पुतण्याने नकारार्थी मान हलवली. आम्ही थांबलो. आणि ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना पुढचे ठाऊक आहे. ९०व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगतेने तिसरा गोल मारला. मुंबई ३, गोवा २. असा सामना माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी पाहायला मिळतो.

त्या क्षणी तुमचा हा फादर काय करत होता? मी बाकावर उभा होतो. मूठ आवळून, त्या गृहस्थांच्या तोंडासमोर नाचवत, घसा फुटेपर्यंत ओरडत होतो. काय ओरडलो ते इथे छापण्यासारखे नाही. शिवी नव्हती, पण शिवीपेक्षा बरेही नव्हते. ज्यांच्या पुडीतले शेंगदाणे माझ्या पुतण्याच्या हातात होते, त्यांनाच मी खिजवत होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथातील अलिपिउसची गोष्ट मी वाचली होती. अलिपिउस हा ऑगस्टीनचा जिवलग मित्र. सज्जन, संयमी तरुण. रोममध्ये त्याचे सोबती त्याला जबरदस्तीने तलवारबाजांच्या रक्तरंजित खेळांना घेऊन गेले. तो म्हणाला, माझे शरीर तिथे न्याल, माझे मन नेता येणार नाही. आणि तो डोळे घट्ट मिटून बसला. पण त्याने कान मिटले नव्हते. एकाएकी लोकांची मोठी आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि पाहता पाहता तो त्या गर्दीतलाच एक झाला. परीक्षेत मी ह्या गोष्टीवर चांगले लिहिले होते. त्या रात्री फातोर्ड्याला कळले की माझ्यातही एक अलिपिउस आहे. फुटबॉल म्हणजे काही तलवारबाजी नव्हे, पण आरोळी तीच आहे. माणूस एकटा असताना जे करणार नाही, ते गर्दीत सहज करून जातो.

मी खाली बसलो तेव्हा पुतण्या नाचत नव्हता. तो शेजारच्या मुलाकडे पाहत होता. नारिंगी टोपी डोळ्यांवर ओढून ते पोर हुंदके देत होते. मी सावरून त्या गृहस्थांशी बोलणार, तोवर ते नातवाचा हात धरून पायऱ्या उतरत होते. त्यांची माफी मागायची राहून गेली. ती आजही राहिलेलीच आहे.

रात्री लॉजमध्ये अंथरुणावर पडल्यावर पुतण्याने विचारले, "फादर काका, शेवटी मी देवाकडे मागितलं होतं. पण तो मुलगापण हात जोडून मागत होता, मी पाहिलं. मग देव कोणाच्या टीममध्ये आहे?"

मी म्हटले, "झोप आता." खरे सांगायचे तर मला लगेच उत्तर सुचले नाही.

उत्तर पवित्र शास्त्रात आहे. यरीहोजवळ यहोशवाला हातात उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसला. यहोशवाने त्याला विचारले की तू आमच्या बाजूचा की आमच्या शत्रूंच्या? उत्तर आले की दोहोंपैकी कोणाच्याही नाही. तो प्रभूच्या सैन्याचा सरदार होता. तेव्हा यहोशवाने जमिनीवर लोटांगण घातले (यहोशवा ५:१३-१५). देव आपल्या बाजूचा आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. मी देवाच्या बाजूचा आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. आणि त्या संध्याकाळी देवाच्या बाजूने कोण होते? शेंगदाण्यांची पुडी पुढे करणारे ते गृहस्थ. मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी, २५ एप्रिलला, शुभवर्तमानकार संत मार्कचा सण होता. सकाळी आम्ही मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये कोंकणी मिस्साला गेलो. शांतीचे अभिवादन देण्याची वेळ आली. आजूबाजूच्या सर्वांनी आमच्याकडे वळून हात जोडले. पुतण्या माझ्या कानात कुजबुजला, "काल हे सगळे आपल्या विरुद्ध होते ना?" मी म्हटले, "हो. आणि आज बघ, एकाच मेजावर जेवायला बसलो आहोत." मिस्सा झाल्यावर मी तिथल्या एका धर्मगुरूंकडे पापनिवेदन केले.

ह्या गोष्टीला एक शेपूट आहे. त्या वर्षी ४ मे रोजी मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक जिंकला. आणि पुढच्या मोसमासाठी ब्रँडन फर्नांडिस, ज्याच्या गोलने आमचे पोर रडले होते, तोच मुंबई सिटीत दाखल झाला! पुतण्याने फोनवर विचारले, "आता तो आपला झाला का?" आणि ज्याला आम्ही 'आपला' म्हणून डोक्यावर घेतले तो छांगते तरी कुठला? मिझोरामचा. आपले आणि परके ह्यांमधली भिंत आपण समजतो तितकी पक्की नसते. ख्रिस्ताने आपल्या देहाने ती पाडली, असे संत पौल इफिसकरांना लिहितो (२:१४). आपण मात्र दर रविवारी सायंकाळी मैदानावर ती पुन्हा बांधतो.

बंधुभगिनींनो, ख्रिस्तसभेचे खेळाशी वाकडे नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी गोलरक्षक होते. पोप फ्रान्सिस लहानपणापासून ब्युनोस आयर्सच्या सान लोरेन्झो क्लबचे चाहते होते, आणि १९०८ साली स्थापन झालेल्या त्या क्लबला नाव मिळाले ते मुलांना खेळायला अंगण देणाऱ्या लोरेन्झो मासा ह्या सालेशियन धर्मगुरूंवरून. खेळ चांगलाच आहे. पण ॲरिस्टॉटलने म्हटल्याप्रमाणे सद्गुण व्याख्यानाने येत नाही, तो सवयीने अंगी बाणतो. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण काय ओरडतो, हाच आपल्या मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो. मागच्या वर्षी आपल्याच मैदानावर, पाहुण्या धर्मग्रामाच्या बारा वर्षांच्या मुलांना उद्देशून काही पालकांनी काय काय म्हटले, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण मला फातोर्डा आठवत होते. आज बोलतो आहे, तेही फातोर्डा आठवूनच.

म्हणून ह्या स्पर्धेसाठी माझी विनंती:

घरून निघताना मुलांबरोबर एक प्रार्थना म्हणा, पण ती दोन्ही संघांसाठी म्हणा. कोणाला इजा होऊ नये, एवढेच मागा.

आपल्या धर्मग्रामाची जर्सी अभिमानाने घाला, मुलाला घालू द्या. आपला रंग झाकू नका आणि दुसऱ्याच्या रंगाचा द्वेष करू नका.

पाहुणे आपल्या मैदानावर आले तर त्यांना सावलीतली जागा आणि पिण्याचे पाणी आधी द्या.

गोल झाला की आनंदाने नाचा, जरूर नाचा. पण नाचण्याआधी शेजारी कोण रडते आहे ते एकदा पाहा.

आणि सामना संपल्यावर कोणाची माफी मागायची असेल तर तिथेच मागा. नंतर तो माणूस पायऱ्या उतरून निघून जातो.

मरिया आणि योसेफ गर्दीत येशूला शोधत होते, पण येशू हरवला नव्हता. तो आपल्या पित्याच्या घरी होता. फातोर्ड्याला माझा पुतण्याही हरवला नव्हता. तो जागेवरच बसून दुसऱ्याचे अश्रू पाहत होता. हरवलो होतो तो मी. लहान मुलाचा हात धरून आपण त्याला गर्दीतून नेतो असे आपल्याला वाटते. कधी कधी तोच आपल्याला परत घरी आणतो.

पवित्र मरिया आणि संत योसेफ तुमच्या कुटुंबांचे रक्षण करोत.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू