न मागणाऱ्यांची शाळा

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. आईबद्दल ते खोटे आहे. सरकारी योजनांबद्दल मात्र बरेचसे खरे. आधी अर्ज, मग दाखला, मग लाभ. मोठ्यांच्या जगात हे कसेबसे निभते. सहावी ते आठवीच्या मुलांना हाच नियम लावला, की ज्याला गरज सर्वाधिक तोच मागे राहतो. कारण हे वयच न मागण्याचे.

चौथीपर्यंत मूल दिवसभर एकाच बाईंच्या नजरेसमोर असते. डबा आणला नाही, डोळे सुजलेत, हे न सांगता कळते. पुढे विषयवार तासिका सुरू होतात. गणिताच्या सरांना त्याचे गणित ठाऊक, मराठीच्या बाईंना शुद्धलेखन. अख्खे मूल कुणाच्याच वाट्याला येत नाही. नेमके तेव्हाच मुलाला लाज कळू लागते.

या वयाच्या मुलांसाठी शाळेत काहीच नाही, असे नव्हे. पोषण आहार आहे, आरोग्य तपासणी आहे, लोहाच्या गोळ्या, मुलींना एसटीचा मोफत पास, दिव्यांग मुलांसाठी फिरते विशेष शिक्षक, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती, तक्रारपेटी, १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक. यादी लांबलचक आहे. पण तिचे सरळ दोन भाग पडतात : न मागता मिळणारे आणि मागावे लागणारे. पहिले बरेचसे चालते, दुसरे बरेचसे भिंतीवरच राहते.

पोषण आहाराचेच पाहा. १९९५मध्ये केंद्राची योजना आली, तेव्हा बहुतेक राज्ये हजेरी पाहून महिन्याला तीन किलो धान्य घरी देत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २००७पासून टप्प्याटप्प्याने सहावी ते आठवीची मुलेही त्यात आली. त्यांच्यासाठी रोज दीडशे ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे मान ठरले. खिचडीच्या दर्जाबद्दल हवे तेवढे भांडावे. पण त्या पंगतीत बसायला कुणालाही आपली भूक सिद्ध करावी लागत नाही. भुकेला कोण, हे शेजारच्याला कळतही नाही. या योजनेची खरी ताकद इथे आहे.

आता आरोग्य तपासणी घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो, मुले एकेक डोळा झाकून वाचतात. शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहिणाऱ्या मुलाला फळाच दिसत नव्हता, हे तिथे पाच मिनिटांत उघड होते. इथवर मुलाने काहीच मागितलेले नाही. मग हातात संदर्भ चिठ्ठी येते आणि मागणे सुरू होते. बापाने रोज बुडवायचा, तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे, रांगेत उभे राहायचे. ती चिठ्ठी बहुधा दप्तरातच चुरगळते.

अध्ययन अक्षमतेचीही तीच गत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यता दिली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पण आधी तपासण्या, मग प्रमाणपत्र. आपल्या मुलाला ‘ढ’ समजणाऱ्या घराला हे मागायचे असते, हेच कुठून कळणार?

आणि तक्रारपेटी! बदलापूरच्या शाळेतील २०२४च्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर तिची पुन्हा आठवण झाली. अनेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दाराशी असते, म्हणजे चिठ्ठी टाकणारा चारचौघांना दिसेल अशा जागी. तिथवर चालत जाण्याचे धैर्य असणाऱ्या मुलाला पेटीची गरज सर्वांत कमी.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक वर्गांसाठी शंभरावर पट असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. समुपदेशक नाही. तो नेमावा, ही मागणी रास्तच आहे. पण नेमून खोलीत बसवला, तर त्या खोलीत शिरणाऱ्यावर पोरे शिक्का मारतील. म्हणून बोलणेही पंगतीसारखे सर्वांसाठी हवे : हजेरी क्रमांकाने, सत्रातून एकदा, शिक्षकाने प्रत्येकाशी पंधरा मिनिटे. पस्तीस मुलांचे सुमारे नऊ तास होतात. दोन सत्रांचे अठरा. या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला हजार अध्यापन तास धरले आहेत.

शिक्षक म्हणतील, मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून सवड कुठे? तक्रार खरी आहे. म्हणूनच हे तास वेळापत्रकात छापलेले हवेत, शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडलेले नकोत. शिवाय ज्या शिक्षकाची भीती वाटते त्याच्याशीच बोलायची सक्ती नको. माणूस निवडायची मुभा हवी. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे मुलाला आधीच सांगावे.

न मागता दिले की काम संपले, असेही नाही. मळमळते म्हणून लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर जाते आणि रजिस्टरात ‘दिली’ अशी नोंद पडते. दिलेले पोचले का, हे पाहणारा कुणी हवाच. पण सुरुवात मुलाच्या तोंडून होण्याची वाट पाहू नये. शाळेसाठी पुढची योजना जाहीर होईल तेव्हा निधीचा आकडा नंतर विचारू. आधी विचारू : ती मिळण्यासाठी बारा वर्षांच्या मुलाला किती वाक्ये बोलावी लागतील? उत्तर शून्याच्या जितके जवळ, तितकी योजना कामाची.