आठ असुरांत नसलेली भीती

आमचं मोरगाव गाणपत्यांचं आद्यपीठ, आणि गाणपत्यांचा आधार मुद्गलपुराण. त्यात गणेश आठ अवतार घेऊन आठ असुरांना आवरतो. असुरांची नावं मत्सर, मद, मोह, लोभ, क्रोध, काम, ममता, अहंकार. विघ्न मनातच दबा धरून बसतं हे या परंपरेनं केव्हाच ओळखलं होतं. म्हणून ‘मनाची तपासणी हे पुण्या-मुंबईचं खूळ’ असं मयूरेश्वराच्या गावात कुणी म्हणालं की मला हसू येतं.

पण त्या यादीत भीती नाही. उदासी नाही.

माझ्या बहिणीची मुलगी नववीत आहे. तिला टर्नर सिंड्रोम आहे. मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिच्यात एकच. हेन्री टर्नर यांनी 1938 मध्ये लक्षणं नोंदवली, गुणसूत्राचं कारण 1959 मध्ये उमगलं. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. उंची खुंटते, पाळी बहुधा आपोआप येत नाही, हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यावी लागतात. बुद्धी बहुतेकींची चांगली असते. आमची पोर वाचनात, पाठांतरात वर्गाच्या पुढे. भूमितीची आकृती मनात फिरवून बघ म्हटलं की गडबडते. मी स्वतः गणित शिकवते, त्यामुळे हे मला इतरांच्या आधी दिसलं. नकाशा, अंतराचा अंदाज, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचा रोख ओळखणं, इथे या मुली अडखळतात. मग मैत्रिणी तुटतात, धास्ती बसते. तज्ज्ञांना हे ठाऊक आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की मुलगी सज्ञान होईपर्यंत दरवर्षी तिच्या विकासाची आणि वर्तनाची चाचणी व्हावी.

माझी आई म्हणते, “प्रारब्ध गं बाई, ते कुणाला चुकलंय?” मी वाद घालत नाही. गुणसूत्र गर्भ राहतानाच योगायोगानं हरवतं. आईच्या वयाशी किंवा खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नसतो. डॉक्टरांचा ‘योगायोग’ आणि माझ्या आईचं ‘प्रारब्ध’ निदान एका बाबतीत जुळतात: दोन्हींत माझ्या बहिणीचा या जन्मीचा दोष नाही.

खटकतं ते पुढचं. उंचीसाठी रोज रात्री इंजेक्शन टोचलं जातं, त्यात कुणाला देवावरचा अविश्वास दिसत नाही. पण पोर मधल्या सुट्टीत एकटी बसते, सहलीचं नाव काढलं की तिचं पोट दुखतं, याला औषध म्हणून ‘मन घट्ट कर’, ‘अकरा वेळा अथर्वशीर्ष म्हण’. म्हणजे शरीराचं खापर प्रारब्धावर आणि मनाचं तिच्यावर! मनात येईल ते सारं षड्रिपूंत मोजायची सवय आपल्याला लागली आहे. लोभ आवरायला संकल्प लागतो, मान्य. ज्या भीतीची मुळं पोर जन्मायच्या आधी रुजली, ती संकल्पाला जुमानली नाही तर त्यात तिचं काय चुकलं? अथर्वशीर्ष तिनं जरूर म्हणावं, मीही म्हणते. शिक्षा म्हणून मात्र नको. गीतेच्या पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध अर्जुनाचा विषाद ऐकण्यात जातो. त्याचं अंग कापतं, तोंडाला कोरड पडते, आणि त्या साऱ्या अध्यायात कृष्ण उपदेश करत नाही.

दरवर्षीची ती चाचणी म्हणजे तरी दुसरं काय? मुलीला, पालकांना आणि शिक्षकांना वेगवेगळं विचारायचं, नोंद ठेवायची, पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याचं तपासणी-पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. माझी शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे: पथक आलं की उंची-वजनावर थांबू नका. पोर कुणाशी बोलते, कशाला घाबरते, झोपते कशी, हे तुमच्या लक्षात आलेलं तिथे सांगा आणि कार्डावर लिहून घ्यायला लावा. मधल्या काळात गरज पडली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.