त्यागाचे माप

मोठ्या संकटातून सुटका हवी असेल तर मोलही मोठेच द्यावे लागते, ही मानवी मनाची धारणा इतकी पुरातन आहे की नवससायासांपासून देहदंडाच्या उग्र तपापर्यंत तिची सत्ता चालत आली. परंतु जेथे केवळ प्रत्यक्ष प्रमाणाचाच अंमल असावा त्या शस्त्रवैद्याच्या दालनातही ती पाऊण शतक ठाण मांडून बसली होती, ही गोष्ट चिंतनीय आहे.

बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या ज्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही एकदमच काढून टाकीत. हरळीच्या काशा जेथवर गेल्या असतील तेथवर शेतकरी कुदळ चालवतो, तसाच हा विचार होता; आणि गाठ फार वाढल्यावरच रुग्ण दाराशी येण्याच्या त्या काळात तो निष्फळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जागच्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण त्याने खरोखरच घटले. पुढे मात्र या इलाजाचे व्रत झाले. अमेरिकेत १९७० च्या सुमारासही स्त्रीला भूल देऊन गाठीचा तुकडा तपासावा आणि तो कर्करोगाचा ठरताच त्याच भुलीत स्तन काढावा, असा प्रघात होता. शुद्धीवर येऊन छातीवरची पट्टी चाचपेपर्यंत आपल्या देहाचा कोणता फैसला झाला हे तिला ठाऊक नसे.

या व्रताची परीक्षा शस्त्रवैद्यांनीच घेतली. मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांत, आणि पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून, कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीवर सोपवून, स्तनोच्छेदाची आणि स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेची तुलना केली. २००२ साली दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र स्तन राखायचा तर किरणोपचाराची अट कडक होती: फिशर यांच्या पाहणीत नुसती गाठ काढलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला, तर किरणोपचार घेतलेल्यांत सुमारे १४ जणींच्या.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाची प्रतवारी टाकलेल्या वस्तूच्या आकारावरून न लावता टाकणाऱ्याच्या वृत्तीवरून लावली आहे. मोहाने केलेला त्याग तामस, क्लेशाच्या भयाने केलेला राजस. तेथील विषय कर्माचा असला तरी कसोटी येथेही लागू पडते. स्त्रियांकडून विचारल्यावाचून जे घेतले गेले ती वसुली होती. या इतिहासातला निर्मळ त्याग केला तो आपल्या हाताच्या कौशल्यावरची अढळ श्रद्धा बाजूला ठेवून चिठ्ठीच्या कौलाला मान तुकवणाऱ्या वैद्यांनी.

तरीही स्तन राखणे हे नवे व्रत होऊ नये. एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील, पूर्वी तेथे किरणोपचार झाला असेल, किंवा कित्येक आठवडे शहरात राहून तो घेणे खेड्यातल्या बाईच्या ऐपतीबाहेरचे असेल, तर स्तनोच्छेदच शहाणपणाचा ठरू शकतो. सर्व उमजून तो पत्करणारी स्त्री भित्री ठरत नाही आणि स्तन राखणारी देहासक्त ठरत नाही. प्रारंभीच्या अवस्थेत दोन्ही वाटा आयुष्याच्या हिशेबात समान ठरल्यावर मागे उरतो तो प्रश्न मुखत्यारीचा. आणि ज्या देहावर शस्त्र चालायचे त्याच्या धनिणीने जाणतेपणी दिलेल्या संमतीवाचून, वैद्य कितीही निष्णात आणि घरचे कितीही मायाळू असोत, कोणत्याही फैसल्याला धर्माचे अधिष्ठान लाभत नाही.