न फिटणारं

टोकियोतल्या छोट्या खानावळीत दुपारी जेवायला बसावं आणि नुसते कान उघडे ठेवावेत. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी वाढणाऱ्या बाईंना हाक मारतो, ‘सुमिमासेऽऽन’, शेवटचा स्वर लांबवून आणि वर चढवून. त्या येतात, पाण्याचा पेला ठेवतात, तर तोच गृहस्थ खालच्या पट्टीत, आधी एक अर्धवट ‘आ’ लावून, पुन्हा ‘सुमिमासेन’ म्हणतो. आता ते आभार झाले. उठताना शेजाऱ्याच्या कोपराला त्याची पिशवी लागते. तिसऱ्यांदा तोच शब्द, आखूड आणि मान खाली घालून. ही झाली माफी. हाक, आभार आणि माफी एकाच शब्दात उरकून तो बाहेर पडतो. रस्ता चुकला तर अनोळखी माणसाला थांबवून पत्ता विचारायलाही पुन्हा तोच शब्द लागणार. दुकानात गल्ल्यावर कुणी दिसत नसेल तर आतल्या खोलीच्या दिशेनं तोच. गच्च भरलेल्या गाडीतून उतरायचं असेल तर ‘सुमिमासेन, ओरिमासु’, म्हणजे उतरायचंय. बसलेल्या लोकांच्या पुढ्यातून जाताना किंचित वाकून, उजवा पंजा उभा धरून, हवा कापत वाट काढायची रीत आहे. त्या उभ्या पंजाला ‘तेगाताना’ म्हणतात, हाताची तलवार. त्या तलवारीबरोबर तोंडानं पुटपुटायचं ते अर्थातच सुमिमासेन.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांचा तोटा नाही. त्यांना हा शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतो आणि वहीत त्याच्यापुढे ‘सॉरी’, ‘एक्सक्यूज मी’, ‘थँक यू’ असे तीन अर्थ लिहून घेतले जातात. तेवढ्यावर काम भागतं. पण शब्द फोडून पाहिला तर या तिन्हींपैकी एकही अर्थ त्यात नाही. ‘सुमु’ हे क्रियापद, म्हणजे संपणं, मिटणं, निकालात निघणं. ‘मासेन’ हा आदरार्थी नकार. हे संपत नाही, एवढंच ते म्हणतं. मराठीत याला नेमकं क्रियापद आहे: फिटणं. देणं फिटतं, ऋण फिटतं, आईबापांचे पांग फिटतात. सुमिमासेन म्हणजे ‘फिटत नाही’. गढूळ पाणी निवळणं या अर्थाचाही एक ‘सुमु’ जपानीत आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच असं मानणारे अभ्यासक आहेत. त्यांच्या हिशेबानं सुमिमासेन म्हणजे माझं मन निवळत नाही. मला पहिला अर्थ जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात दुसरा माणूस आहे. मन काय, एकट्याचंही गढूळ होतं.

या ‘न फिटण्या’वर पहिल्यांदा जगाचं लक्ष वेधलं ते रूथ बेनेडिक्ट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी. 1944 साली, महायुद्ध चालू असताना, शत्रू नेमका कसा आहे हे समजून घ्यायचं काम अमेरिकी सरकारनं त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी जपानमध्ये पाऊलही न ठेवता, अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून, पुस्तकं वाचून आणि सिनेमे पाहून अभ्यास केला. 1946 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द क्रिसँथेमम अँड द सोर्ड’मध्ये त्यांनी दिलेलं उदाहरण साधं आहे. वाऱ्यानं तुमची टोपी उडाली, कुणी धावत जाऊन ती आणून दिली, तर तुम्ही सुमिमासेन म्हणता. बाईंच्या मते त्याचा अर्थ असा, की या परक्या माणसाच्या उपकाराखाली मी आत्ता आलो, परतफेडीची संधी मला मिळणार नाही, आणि या अवघडलेपणाचं मला वाईट वाटतं. उपकारांची जमाखर्चाची वही जपानी माणूस डोक्यात घेऊन फिरतो, असं त्यांचं एकूण म्हणणं.

याच शब्दाकडे जपानी मनोविकारतज्ज्ञ दोई ताकेओ यांनी वेगळ्या बाजूनं पाहिलं; 1971 साली त्यांनी ‘आमाए नो कोझो’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रसंग 1950 नंतरच्या अमेरिकेतल्या त्यांच्या शिक्षणकाळातला आहे. वरिष्ठ डॉक्टरांनी त्यांच्यासाठी काहीतरी केलं. दोईंना आभार मानायचे होते, पण मनात सुमिमासेन होतं आणि तोंडून इंग्रजीत ‘सॉरी’ निघालं. वरिष्ठांनी चमकून विचारलं, सॉरी कशाबद्दल? दोईंना उत्तर देता येईना. पुढे त्यांनी त्याचा उलगडा असा केला, की समोरच्यानं माझ्यासाठी तसदी घेतली, तिची दखल मी घेतली नाही तर तो मला उर्मट समजेल आणि त्याचा लोभ आटेल, ही धास्ती या शब्दामागे असते. त्याच्या मायेत असंच लाडानं राहता यावं ही इच्छा त्याच्याही मागे. ‘आमाए’ म्हणतात ती हीच.

दोई आतले आहेत आणि बेनेडिक्टबाईंच्या हिशेबनीसापेक्षा त्यांचा माणूस जिवंत वाटतो. पण शिंजुकु स्टेशनच्या जिन्यावर दोघे एकमेकांवर आदळतात आणि दोघेही एकाच वेळी सुमिमासेन म्हणतात, तिथे दोन्ही उपपत्ती अपुऱ्या पडतात. तिथे उपकार नाही. लोभ आटायची भीती नाही, कारण ते दोघे पुन्हा भेटणारच नाहीत. चूक कुणाची हेही कुणी विचारत नाही. मला वाटतं, शब्दाची खरी करामत इथे आहे. सुमिमासेन दोष कबूल करत नाही. माझ्यामुळे तुम्हाला तोशीस पडली, ती माझ्या लक्षात आली आहे, इतकंच ते नोंदवतं. हाक मारली तर हातातलं काम सोडून यावं लागलं, पाणी दिलं तर चार पावलं चालावी लागली, धक्का लागला तर दुखलं. तोशीस तिन्हीकडे आहे, म्हणून शब्दही तिन्हीकडे एकच. दोषाचा प्रश्न वगळला म्हणून तो इतका स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणून इतका उदारपणे वाटता येतो. जपानी माणसं दिवसभर माफी मागत असतात असं प्रवासवर्णनांतून कौतुकानं लिहिलं जातं. माफी मागत नसतात. पावती देत असतात.

आपल्याकडे हे खातं वेगळ्या ठिकाणी उघडलेलं आहे. गर्दीतून वाट काढायला आपण ‘जरा’ वापरतो: जरा सरकता का, जरा जाऊ द्या. ‘माफ करा’ हा शब्द मी माफीपेक्षा दारावर आलेल्या विक्रेत्याला किंवा सिग्नलवरच्या भिकाऱ्याला वाटेला लावताना जास्त ऐकला आहे. घरात कुणी आभार मानले तर ‘परका आहेस का?’ असं ऐकावं लागतं. मात्र सभागृहात आभारप्रदर्शनाला उभा राहिलेला कार्यकर्ता न चुकता म्हणतो, की आभार मानून ऋणातून मुक्त होण्यापेक्षा आम्ही आपल्या ऋणातच राहणं पसंत करू. तोवर निम्मे लोक चहाकडे वळलेले असतात आणि हे वाक्य झिजून गुळगुळीत झालेलं आहे. पण सुमिमासेनचं याहून चोख मराठी मला सापडत नाही. आभार मानले की हिशेब मिटतो, आणि हिशेब मिटला की येणंजाणं संपतं, हे त्यात गृहीत आहे. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही, दोन लाडू किंवा निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हाच तो व्यवहार. जपानात ‘ओकाएशी’ची पद्धत आहे. अंत्यविधीला लोक पाकिटातून पैसे देतात आणि ते कुटुंब साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवतं. निम्मीच. पूर्ण फेडायची नसते.

आता या शब्दाची दुसरी बाजू. जो शब्द इतका हलका, तो जड ठिकाणी चालत नाही. ग्राहकापुढे चूक झाली आणि कर्मचारी सुमिमासेन म्हणाला तर वरिष्ठ त्याला नंतर बाजूला घेतात. तिथे ‘मोशिवाके गोझाइमासेन’ हवं, म्हणजे सांगायला सबबच नाही. जाहीर निवेदनात ‘ओवाबी’ लागते, लेखी आणि रीतसर. 14 नोव्हेंबर 2017 रोजी त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरच्या मिनामी-नागारेयामा स्थानकातून 9 वाजून 44 मिनिटं 40 सेकंदांनी सुटायची गाडी 20 सेकंद आधी सुटली आणि कंपनीनं ओवाबी प्रसिद्ध केली. जगभर तिच्या बातम्या झाल्या, आपल्याकडेही ती बरीच फिरली, बहुतेक ठिकाणी ‘नाहीतर आपली लोकल’ या शेऱ्यासह. पण त्या निवेदनाची भाषा ठरीव आहे. रस्ता खणून ठेवल्यावर महापालिका ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ची पाटी लावते, त्यापेक्षा फार जास्त पश्चात्ताप तिच्यात शोधू नये. कौतुक करायचंच तर 20 सेकंद मोजणाऱ्या यंत्रणेचं करावं.

पायरी चुकली की काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण राजकारणातलं आहे. सप्टेंबर 1972 मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका काकुएइ चीनशी संबंध जोडायला बीजिंगला गेले. 25 तारखेच्या मेजवानीत त्यांनी भाषण केलं. जपाननं चिनी जनतेला युद्धात जे भोगायला लावलं त्याबद्दल बोलताना त्यांनी ‘मेइवाकु’ हा शब्द वापरला. मेइवाकु म्हणजे तसदी, त्रास. गाडी उशिरा आली तरी प्रवाशांना झालेलं मेइवाकु, शेजाऱ्याला आवाजाचा उपद्रव झाला तरी मेइवाकु. सुमिमासेनच्याच घरातला शब्द. दुभाष्यानं त्याचं चिनीत ‘माफान’ केलं, जो आणखी हलका. सभागृहात चुळबूळ झाली. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी नंतर सुनावलं, की रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या झग्यावर चुकून पाणी उडालं तर आम्ही हा शब्द वापरतो. तानाकांनी समजावून पाहिलं, की आमच्याकडे हा शब्द मनापासूनच्या क्षमायाचनेलाही चालतो.

तानाका अगदीच खोटं बोलत नव्हते. मेइवाकु जपानीत खूप खाली झुकून म्हणता येतं. पण झुकण्याची खोली तर्जुम्यात जात नाही, आणि गेली असती तरी चौंचा आक्षेप टिकलाच असता. तोशिशीची नोंद घेणारा शब्द कितीही वाकून म्हटला तरी दोषाबद्दल गप्पच राहतो. जिन्यावर आदळलेल्या दोघांना त्या गप्प राहण्याची सोय होते. जपानी सैन्यानं केलेल्या नानजिंगच्या हत्याकांडाच्या बाबतीत दोष कुणाचा, हाच तर प्रश्न होता. वाटाघाटीत मेइवाकु गळलं. 29 सप्टेंबरच्या संयुक्त निवेदनात जपाननं चिनी जनतेची मोठी हानी केल्याच्या जबाबदारीची तीव्र जाणीव आणि खोल ‘हानसेइ’, म्हणजे आत्मपरीक्षण, असे शब्द आले. ओवाबी त्यातही नव्हती. पंतप्रधान मुरायामा तोमिइची यांच्या मंत्रिमंडळानं ती जाहीर निवेदनात घातली 15 ऑगस्ट 1995 रोजी, युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. आणि पुरेशी होती की नाही, यावर सोल आणि बीजिंगमध्ये अजून वाद आहे.