जुगाराला बांध होता

भातलावणी आणि पुण्याचा रेसचा हंगाम एकाच सुमाराला सुरू होतात. मावळात वाढलेल्या माणसालाच यातली मेख कळेल. आषाढात खाचरं भरलेली, चिखलणी उरकलेली, रोपांच्या मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या, लावणीच्या बायका सकाळी सातला दारात उभ्या. आणि त्याच शनिवारी आमचे थोरले मामा धुतलेला सदरा घालून, छत्री काखेत धरून, परंदवडीहून बेगडेवाडी स्टेशनाची वाट धरायचे. मामी पाठमोऱ्या त्यांच्याकडे एकदा बघायची आणि रोपांच्या मुठी उचलायची.

मुंबईत पावसाळ्यात महालक्ष्मीचं मैदान घोडी पळवण्याजोगं राहत नाही, म्हणून घोडी, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार सगळा लवाजमा घाट चढून पुण्याला येतो. जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत पुणे, पुढे उन्हाळ्यापर्यंत मुंबई. पुण्याचं रेसकोर्स लष्कराच्या जमिनीवर १८३० सालापासून आहे. महालक्ष्मीचं १८८३ चं. घोड्यांच्या मागोमाग घोड्यांवर पैसे लावणारेही घाट चढत. ब्रिटिश काळात जीआयपी रेल्वे त्यांच्यासाठी रेस स्पेशल गाडी सोडायची. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी सुरुवातीला फक्त शनिवार-रविवारी धावत असे, आणि तिच्यात बसणाऱ्यांत मुंबईहून रेसला येणारे शौकीन पुष्कळ होते. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव मागे टाकत ती आमच्या शिवाराशेजारून जायची. म्हणजे मावळच्या चिखलात वाकलेल्या माणसाच्या कानावरून रेसचा पैसा कितीतरी वर्षं शिट्टी मारत गेला. पुढे १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि देहूरोडला नोकरी करणारे माझे मामा त्या पैशाच्या गावाला स्वतःच जाऊ लागले.

मी त्यांच्याबरोबर तीन-चारदा गेलो असेन. तेव्हा मी दहावी झालो होतो. आठवतात ते घोडे कमी, बुकींची रिंगच जास्त. एका ओळीत मांडलेले ठेले, प्रत्येकाच्या डोक्यावर फळा, फळ्यावर घोड्यांची नावं आणि भाव. बुकी उभा, त्याच्या बाजूला पेन्सिलर वही उघडून बसलेला. शर्यत जवळ येईल तसा गलका वाढायचा, फळ्यावरचे आकडे खडूनं पुसून नवे लिहिले जायचे, आणि एका ठेल्यावर भाव पडला की क्षणात सगळ्या ओळीत पडायचा. मामा हातातलं ‘कोल’ (रेसच्या माहितीपुस्तकाला सगळे हेच म्हणत) घडी करून खिशात ठेवत, एका ठरलेल्या ठेल्यापाशी जात. तो बुकी त्यांना नावानं ओळखत नव्हता, गावानं ओळखत होता. “काय परंदवडीकर, लावणी उरकली का?” असं विचारून तो पैसे घ्यायचा, घोड्याचा नंबर आणि भाव मोठ्यानं बोलायचा, पेन्सिलर वहीत उतरवायचा आणि एक छापील कार्ड मामांच्या हातात यायचं. लावला त्या क्षणीचा भाव पक्का. मग तो घोडा फेव्हरिट होवो की मागे पडो, बुकीला त्याच भावानं पैसे मोजून द्यावे लागत.

हे गणित मामांनी मला परतीच्या लोकलमध्ये एकदा समजावून सांगितलं, आणि शाळेतल्या कोणत्याही गणितापेक्षा ते माझ्या पक्कं लक्षात राहिलं. समजा तीन घोडे आहेत. पहिल्याला एकास एक भाव, दुसऱ्याला एकास दोन, तिसऱ्याला एकास तीन. बुकीनं पहिल्यावर ६०० रुपये घेतले, दुसऱ्यावर ४००, तिसऱ्यावर ३००. गल्ल्यात १३०० जमा. आता पहिला आला तरी लावणाऱ्यांना मुद्दलासकट १२०० द्यायचे, दुसरा आला तरी १२००, तिसरा आला तरी १२००. घोडा कोणताही येवो, बुकीचे १०० सुटले. भाव सारखे बदलत ठेवायचे ते एवढ्याचसाठी, की तिन्ही घोड्यांवरचं वजन सारखं राहावं. एकाच घोड्यावर पैसा तुंबला तर त्याचा भाव पाडायचा आणि दुसऱ्याचा चढवायचा. अर्थात प्रत्यक्षात वजन असं नेमकं साधत नाही, आणि म्हणूनच बुकीही बुडत. पण धंद्याचा पाया हा: तेराशेत शंभर. टोटाची, म्हणजे टोटलायझरची, तऱ्हा वेगळी. तिथे सगळ्यांचे पैसे एका भांड्यात, त्यातून कर आणि रेस क्लबचा वाटा कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. ही पद्धत जोसेफ ओलेर नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये १८६७ च्या सुमारास काढली. तिच्यात भाव शेवटपर्यंत हलत राहतो आणि समोर माणूस नसतो, खिडकी असते. मामांना टोट कधी आवडला नाही.

त्यांना बुकी का आवडायचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कायदा वाचताना कळलं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ३० वं कलम सांगतं की पैजेचा करार निरर्थक. पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला कोर्टात जाता येत नाही. त्यात अपवाद एकच, घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याला द्यायच्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीचा. म्हणजे घोड्याच्या मालकाच्या बक्षिसाला कायद्याचा आधार, आणि त्याच घोड्यावर दहा रुपये लावणाऱ्याला नाही. बुकीला क्लबची शिस्त असे, पण कोर्टाचा धाक नव्हता. त्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा शब्द. एका शनिवारी मामांचं कार्ड पावसात भिजून लगदा झालं. घोडा तर आलेला. मामा ओशाळून ठेल्यापाशी उभे राहिले. बुकीनं पेन्सिलरला वही बघायला सांगितली, ओळीवर बोट ठेवलं आणि ‘परंदवडीकर’ म्हणून पैसे मोजून दिले. ही गोष्ट मामा आयुष्यभर सांगत.

दुसरी गोष्ट ते सांगत नसत, ती मामीनं सांगितली. एका वर्षी लावणीच्या मजुरीसाठी काढून ठेवलेले पैसे घेऊन मामा रेसला गेले. त्याच ठेल्यावर, त्याच माणसानं, लावणी उरकली का असं विचारून ते पैसे घेतले आणि वहीत लिहिले. घोडा आला नाही. लावणीच्या बायकांना मामीनं आठ दिवस थांबवून ठेवलं, दोघींना तर माहेरून पैसे आणून दिले, आणि त्या महिन्यापासून मामांचा पगार तिच्या हातात येऊ लागला. शनिवारी ती वीस रुपये आणि लोकलचं परतीचं तिकीट मोजून द्यायची. मामांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

म्हणून जुन्या बुकीबद्दल लोक हळवे होऊन बोलतात तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. तो शब्दाला जागायचा, आणि तो कुणाचीही मजुरी घ्यायचा. मामा वाचले ते बुकीच्या भलेपणामुळे नव्हे. दिवसाला शर्यती मोजक्या होत्या, खिशात रोकड तेवढीच होती, सातची लोकल गाठायची होती आणि घरी मामी होती. आमच्या भातखाचराला जसा चारी बाजूंनी बांध असतो तसा त्या जुगाराला बांध होता. पाणी आत असायचं, गुडघाभर असायचं, पण ते खाचरातच राहायचं. कधी बांध फुटला तर तो कुठे फुटला ते दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी माती टाकता यायची.

न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार वेगळ्या अंगानं केला. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले देऊन सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हेच. पुढे १९९६ मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली: घोड्याची वंशावळ, त्याची तयारी, वजन, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, म्हणून तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. हे खरंच आहे. घोडा तयार करणं ही विद्या आहे. पांडू खाडे, वसंत शिंदे अशा मराठी जॉकींनी ती मैदानावर दाखवली. आज परंदवडीच्या शिवारात घोडेस्वारी शिकवणारं केंद्र आहे, गावची पोरं तिथे घोडी सांभाळतात. पण कायद्यानं कौशल्य मोजलं ते घोड्याच्या बाजूनं. खिशात लावणीची मजुरी असलेल्या माणसाच्या बाजूनं मोजलं तर कौशल्य आणि नशीब यांत फारसं अंतर उरत नाही.

गरिबाच्या जुगाराला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे संध्याकाळ. घोडे दुपारी पळतात, तेव्हा कामगार कामावर असतो. इंग्लंडात हे आधी ओळखलं गेलं. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर विजेच्या सशामागे ग्रेहाउंड कुत्री पळवायला सुरुवात झाली, तीही दिव्यांच्या उजेडात, कारखाने सुटल्यावर, वस्तीपासून ट्रामच्या अंतरावर. आपल्याकडे मुधोळ आणि करवानी ही पळणारी कुत्री असूनही तो धंदा रुजला नाही. आपल्या गिरणी कामगाराची संध्याकाळ पकडली ती आकड्यानं, म्हणजे मटक्यानं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि मिटते भाव तारेनं मुंबईत येत, त्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये ते थांबलं, आणि वर्षभरात कल्याणजी भगत यांनी वरळीत व १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढायला सुरुवात केली. ओपन, क्लोज, पाना, जोडी हे शब्द मग मावळातल्या पानटपरीपर्यंत पोचले. मटक्याला ना मैदान, ना घोडा. पण चिठ्ठी घेणारा माणूस गावातलाच होता. कोण किती लावतो हे त्याला ठाऊक, आणि त्याच्या बायकोकडून ते आळीभर ठाऊक. तो बांध कच्चा होता, तरी होता.

मावळची स्वतःची शर्यत म्हणजे बैलगाडा. चार बैल, पुढे घोडी, घाट (शर्यतीची धावपट्टी) अकरा-बारा सेकंदांत संपतो, माइकवरचा ‘भिर्रर्र’ कानात रात्रभर राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालानं ती बंद झाली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. तिथे भाव नसतात. इनाम असतं, तेही लोकवर्गणीतून आणि यात्रेच्या देवाच्या नावानं. फळीफोड करणाऱ्या गाड्याला मान, घाटाच्या राजाला त्याहून मोठा. बांधावर बसलेल्या दोघांत पैज लागते, लागणारच. पण बैल कुणाचा, त्याला काय खाऊ घातलं, गेल्या यात्रेत तो कुठे बुजला, हे दोघांनाही माहीत असतं. अलीकडे इनामं ट्रॅक्टर-जेसीबीपर्यंत गेली आहेत आणि इनाम देणाऱ्यांचे फ्लेक्स घाटापेक्षा उंच झाले आहेत. मला त्याची धास्ती वाटते.

कारण मधल्या काळात जुगाराचा बांध कुणी फोडला नाही, काढूनच टाकला. गहुंजेचं क्रिकेटचं मैदान २०१२ मध्ये सुरू झालं, आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. सामना असला की आकाशात उजेड दिसतो. पण पैसे लावायला त्या मैदानावर जावं लागत नाही, लोकल पकडावी लागत नाही, खिशात नोट असावी लागत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या, शेजारी बायको झोपलेली असताना, प्रत्येक चेंडूवर पैसे लागतात. गावातल्या एका तरुणानं घरच्या जमिनीच्या पैशातली मोठी रक्कम अशी सहा महिन्यांत घालवली. त्याच्या आईला कळलं ते बँकेच्या पासबुकावरून. तिनं मला एकच विचारलं, “पैसे घेतले कुणी, ते तरी सांग.” मला सांगता आलं नाही, त्यालाही नाही. माझ्या मामीला निदान कुठल्या रेसकोर्सवर पैसे गेले ते ठाऊक होतं.

रेसकोर्सवरच्या परवानाधारक बुकीचा धंदा आता कराखाली दबला आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तेराशेत शंभर सुटणाऱ्या धंद्यावर हा कर. फळा, वही आणि कार्ड घेऊन उघड्यावर बसणारा माणूस यातून उठतो; वही न ठेवणारा उठत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो मला मनापासून हवा होता. पण बंदी दिल्लीत होते आणि फोन गावात असतो.

मावळातल्या यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा चैत्रात इनामाच्या पावत्या फाडायला बसाल तेव्हा देणाऱ्याचं नाव नीट वाचा. त्याचं घर कुठे, शेत कुठे, धंदा कोणता, हे कमिटीतल्या एकालाही सांगता आलं नाही, तर ते इनाम घेऊ नका. घाटावरचा फ्लेक्स एक कमी झाला तरी बैल तितकेच पळतात.