अनुमतीचे मोल

तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूरचा शाही किल्ला उभा आहे आणि पैलतीरी, जैनाबादच्या शिवारात, आहूखान्याचे अवशेष आहेत. आहू म्हणजे हरिण. राजघराण्याच्या मृगयेसाठी व विहारासाठी राखलेले हे स्थान. १६३१ साली मुमताजमहल हिचे बऱ्हाणपुरी निधन झाले, तेव्हा आग्र्यास नेईपर्यंत तिचा देह याच ठिकाणच्या बागेत ठेवण्यात आला होता, म्हणून इतिहासाचे वाचक हे नाव ओळखतात. आम्हांला मात्र तेथे निराळाच विचार सुचला. त्या काळी शिकाऱ्याने रानात पाऊल टाकण्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी, कोणाला दाम द्यावा, हा प्रश्न उद्भवतच नव्हता. रान त्याचे, हरिण त्याचे आणि शस्त्रही त्याचेच. पापपुण्याचा हिशेबही एकाच खात्यावर मांडता येत असे.

आज ते खाते फुटले आहे. आहूखान्याच्या आसपासची, तशीच इच्छापूरच्या देवीकडे जाणाऱ्या वाटेवरची भूमी चार-चार, सहा-सहा एकरांच्या तुकड्यांनी शेतकऱ्यांच्या हाती आहे. केळी, कापूस, ऊस, मका ही पिके तेथे उभी असतात. सातपुड्याच्या उतारावरून रात्री रानडुकरे येतात, कोठे रोह्यांचे कळप येतात, आणि सकाळी शेतकऱ्याला आडवे झालेले पीक दिसते. अशाच एका शेतकऱ्याने आम्हांला बांधावर बसवून, चहा देऊन, सरळ विचारले, "भाऊ, परदेशात म्हणे शिकारी शेतकऱ्याला पैसे मोजतो आणि मग त्याच्या शेतात बंदूक घेऊन शिरतो. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही देवळातली माणसं, मला धर्म सांगा. मी असे पैसे घेतले असते तर ते पाप झालं असतं का? आणि झालं असतं, तर डुकरानं माझं शेत खाल्लं ते कोणाच्या खात्यावर?"

आम्हांला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. वाचकांपुढे ते आज मांडीत आहोत.

प्रथम परदेशातील रीत पाहू. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वन्य पशू हा लोकांचा, म्हणजे राज्याचा, मानला जातो. पण बहुतेक जमीन खाजगी असल्याने जमीनमालक हंगामापुरता प्रवेश भाड्याने देतो. तो हरिण विकीत नाही, फाटक उघडण्याचे पैसे घेतो. जर्मनीत ७५ हेक्टरांहून लहान जमिनींच्या मालकांना कायद्यानेच एका शिकार-संघात गोवलेले असते. संघ शिकारीचा हक्क भाड्याने देतो आणि भाडे क्षेत्राच्या प्रमाणात वाटले जाते. तेथील एका लहान जमीनमालकाने, आपला विवेक शिकारीला मान्यता देत नाही, असे सांगून या सक्तीविरुद्ध दाद मागितली, आणि २०१२ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. ज्याला शिकार अधर्म वाटते, त्याच्या भूमीवर ती लादणे अन्यायाचे आहे, असा त्या निर्णयाचा आशय. या खटल्यात हरणावर गोळी झाडणारा दुसराच होता. मालकाला बोचत होती ती केवळ आपल्या नावावर घेतली जाणारी अनुमती.

हीच गोष्ट आपल्या शास्त्रकारांच्या दृष्टीतून सुटलेली नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पशूच्या वधाचे भागीदार मोजले आहेत. मारणारा, कापणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा असे सर्व त्यांत आहेत, आणि या मालिकेत अगदी प्रथम नाव आहे ते अनुमती देणाऱ्याचे. त्याच स्मृतीत यज्ञार्थ वधाला मोकळीक आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु हात रक्ताने माखले नाहीत एवढ्यावरून मनुष्य निर्दोष ठरत नाही, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. तेव्हा "मी फक्त फाटक उघडले, गोळी त्याने झाडली," हा बचाव धर्माच्या दरबारात टिकणारा नाही.

पण एवढे सांगून थांबलो, तर त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचा अर्धा भाग आम्ही चुकविला असे होईल. पीक राखण्यासाठी पशू मारणे आणि कोणाच्या करमणुकीसाठी तो मारू देणे, या दोहोंत भेद आहे. स्मृतिकारांनी राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले, ते तिच्यातील रंजनासाठी. धान्य राखणाऱ्या कुणब्याची गणना त्यांनी तेथे केली नाही. वनपर्वातील धर्मव्याध तर कौशिक ब्राह्मणाला सांगतो की, नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, सर्वथा अहिंसक असा कोणी नाही. तो मांस विकतो, स्वतः पशू मारीत नाही, तरी आपण निर्लेप आहोत अशी फुशारकी मारीत नाही. हा विनय आम्हांला फार मोलाचा वाटतो.

मग दाम घेतल्याने नेमके काय बिघडते? आमच्या मते, हेतू बिघडतो. पीक राखणाऱ्याला डुक्कर शेतात येऊ नये असे वाटते. ते आले नाही तर त्याला आनंदच आहे. ज्याने शिकाऱ्याकडून पैसे घेतले, त्याला डुक्कर यावे असे वाटू लागते. पुढच्या हंगामी ते न आले तर त्याचे उत्पन्न बुडते. संकटातून सुटण्यासाठी आरंभिलेली गोष्ट संकटच पोसू लागते, आणि एका जीवाचे मरण हे वार्षिक पीक होऊन बसते. नाइलाजाने केलेल्या हिंसेचा माणसाला खेद होतो. विकलेल्या हिंसेचा तसा खेद करणे परवडत नाही.

याविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाकिस्तानच्या उत्तरेकडील पहाडांत मारखोर नावाचा रानबोकड आहे. त्याच्या मोजक्या शिकारीचे परवाने मोठ्या किमतीस दिले जातात आणि त्या रकमेचा ८० टक्के भाग स्थानिक गावांना मिळतो. गावकरीच मग त्याचे राखणदार झाले व त्याची संख्या वाढली. नामिबियातही १९९६ च्या कायद्याने गावसंघांना असा हक्क मिळाला. काही मेले म्हणून पुष्कळ जगले, असे तेथील लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. आमचा विचार त्यांच्यावर लादण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्या उदाहरणांतून एक गोष्ट आपल्यालाही शिकण्याजोगी आहे. ज्याच्या भूमीवर पशू चरतो, त्याच्या पदरात काही पडले तरच पशू जगतो.

आपल्या देशात ही वाट कायद्याने बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवान्याने शिकारीला जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार संपली. जीवितास वा उभ्या पिकास घातक ठरलेला एखादा पशू वनाधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेने मारता येतो, पण तो मारणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. बिहारात २०१६ साली मोकामाच्या परिसरात शासनाच्या संमतीने दोनशेंहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद माजला. आपल्याकडची जुनी रीत तर परदेशाच्या नेमकी उलट होती. पिकाची नासधूस वाढली की शेतकरी पारध्यांना बोलावी, आणि मोबदल्यात धान्य देई. दाम शिकाऱ्याकडून येत नसे, शिकाऱ्याकडे जात असे. त्याच पारध्यांना इंग्रजी अमदानीत जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला, समाजाच्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. राजाची मृगया क्रीडा ठरली आणि पोटासाठी फासे लावणारा गुन्हेगार ठरला, हेही आपल्या धर्मबुद्धीने एकदा तपासून पाहिले पाहिजे.

आता उरला तो प्रश्नाचा दुसरा भाग. डुकराने खाल्लेले शेत कोणाच्या खात्यावर? आम्ही नगरवासी, देवळात अहिंसेचे प्रवचन ऐकणारे, पशूंना अभय मिळाले म्हणून संतोष पावतो. पण हे अभयदान दिले कोणी? दान ज्याच्या घरातून जाते तो दाता. येथे धान्य गेले शेतकऱ्याचे, झोप गेली त्याची, थंडीत जागलीला गेला तो, आणि पुण्याची पावती मात्र आपल्या नावाने फाडली गेली. शासनाकडून नुकसानीची भरपाई मिळते, हे खरे. पण पटवाऱ्याचा पंचनामा, कागद, फेऱ्या, यांत लहान शेतकऱ्याचे दिवस जातात. त्रासून कोणी कुंपणात वीज सोडतो. तिने डुक्कर मरते, कधी हरिण मरते, कधी माणूसही मरतो. त्या मृत्यूत आपला वाटा काहीच नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. कारण निषेध करणे, आणि निषेधाचा सर्व भार दुसऱ्यावर टाकणे, हीदेखील एक प्रकारची अनुमतीच आहे.

म्हणून आमचे उत्तर असे. शेतकऱ्याने शिकाऱ्याचे दाम घेऊ नये. पण हे सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो त्या न घेतलेल्या दामाचा काही अंश स्वतः भरण्यास सिद्ध आहे. आपल्या समाजाची देवस्थाने अन्नसंतर्पणे करतात, गोशाळा चालवतात. डोंगरपायथ्याच्या चार गरीब शेतांना सौर कुंपण घालून देणे, हंगामात जागल करणाऱ्याची मजुरी भरणे, भरपाईच्या अर्जासाठी एखादा लिहिता-वाचता तरुण सोबत पाठवणे, ही कामे त्या पंक्तीत बसण्यास काय हरकत आहे? कोकणात काजू-नारळाच्या बागांवर वानरे व डुकरे येतात, तेथेही हाच न्याय लागू पडेल.

महाशिवरात्रीची कथा आपण प्रतिवर्षी ऐकतो. बेलाच्या झाडावर बसलेल्या व्याधाने हरिणांना त्यांच्या वचनावर सोडले, आणि स्वतः उपाशी राहिला. त्या कथेत सोडणारा आणि उपाशी राहणारा एकच आहे, आणि म्हणूनच ते दान त्याचे झाले.

त्या शेतकऱ्याकडे मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी पुन्हा जाण्याचे आम्ही ठरविले आहे. या वेळी नुसता धर्म सांगण्यासाठी जावयाचे नाही. त्याच्या बांधाची लांबी मोजून आणावयाची आहे.