शेजारधर्माचा पासवर्ड

महिनाभर आमच्या घरचं वायफाय रखडत होतं. राउटर मायक्रोवेव्हपासून लांब नेला (दोघांचं ठाणं २.४ गिगाहर्ट्झलाच, म्हणून भांडतात), बंद करून चालू केला. फरक शून्य. शेवटी चिरंजीवांनी राउटरचं पान उघडलं. घरात यंत्रं चार, जोडलेली सात! आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवर छापून आलेला, तोच. बँकेच्या काउंटरवर २० वर्षं 'पिन कुणाला सांगू नका' म्हणून खातेदारांना बजावणाऱ्या इसमाच्या घरची ही तऱ्हा!

पासवर्ड बदलला. संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातला बंड्या दारात हजर. "काका, तुमचं नेट गेलंय का? माझा फॉर्म अडकलाय." आवाजात चोरी नव्हती, काळजी होती. गणपतीत आरतीला आला तेव्हा म्हणे पाठीवरचं वाचलं होतं.

आता याला चोरी म्हणायचं का? आमच्या फोडणीचा वास रोज त्यांच्या घरात जातो, त्याचं बिल मी पाठवत नाही. पण वासानं आमची आमटी कमी होत नाही. नेटचा वेग मात्र वाटला जातो. हा मुद्दा मला बिनतोड वाटला, तोच लहानपणचा 'पीपी' नंबर आठवला. फोन शेजारच्या काकूंचा, नंबर आम्ही जगाला दिलेला. काकू गॅलरीतून हाका मारायच्या, काका मात्र डायलला कुलूप लावायचे. त्या कुलपाचा मला भारी राग. आता किल्ली माझ्याकडे!

अर्थात, आम्ही फोनवर काय बोलतो ते काकूंना ऐकू यायचं (मग वाड्यालाही). वायफायवरून काय जातं ते कळत नाही. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांआधीची धमकीची ई-मेल सानपाड्यातल्या एका गृहस्थांच्या उघड्या वायफायवरून गेली, आणि पोलीस आले ते त्यांच्याच दारी.

चिरंजीव म्हणाले, "गेस्ट नेटवर्क करू." म्हणजे पाहुण्याला ओसरी मोकळी, माजघर बंद; इंटरनेट मिळतं, आपली यंत्रं दिसत नाहीत. छान! पण बाहेरच्यांना ओसरी काय नि माजघर काय, पत्ता माझाच दिसणार.

तरी चिठ्ठी लिहिली. बंड्याला म्हटलं, "कुणाला देऊ नकोस हं."

"छे हो काका! फक्त आईला. आणि खालच्या आजींना. त्यांचा नातू दर रविवारी अमेरिकेतून दिसतो ना, तो तुमच्याच नेटवर येतो."

चिठ्ठीचं एक टोक अजून माझ्या बोटांत होतं.